डावा हातमोजा

त्या हिवाळ्यात वीज दिवसाला दोन तास यायची,
तीही लहर लागली तर.
आमची घरं वर, कड्यावर. शाळा खाली, नदीकाठी.
मधे एक तार, तारेवर गंजका लोखंडी पाळणा.
बाबा त्यातून रात्रपाळीला जायचे
आणि मी शाळेला.

नदी काळी होती. मँगनीज धुऊन धुऊन
तिला स्वतःचा रंग आठवत नव्हता.
आमच्या नखांचंही तेच.
म्हणून त्सिसानाने मला नाव ठेवलं : काजळी.
पहिल्याच तासाला, खणखणीत आवाजात.
वर्ग हसला. हसणारच.
तिचे वडील खाणीचे डायरेक्टर,
अर्ध्या वर्गाचे बाप त्यांच्या हाताखाली.

ती माझा हातमोजा पळवायची. डावाच.
आई नवा विणायची, जुना स्वेटर उसवून.
नाताळ येईतो स्वेटरच्या दोन्ही बाह्या संपल्या.
‘एकच हात कसा गं हरवतेस दर वेळी?’
खिसा फाटलाय, मी म्हटलं.

खिसा धड होता.
मी हातमोजा त्यातून अर्धा लोंबता ठेवायचे,
तिच्या बाकाजवळून जाताना जरा जास्तच.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग तो जानेवारीतला गुरुवार.
ती माझ्या मागोमाग पाळण्यात चढली.
वर काय काम, ते बोलली नाही.
लामारामावशीने बाहेरून कडी घातली, घंटा वाजवली,
आणि बरोब्बर मध्यावर, नदीच्या वर,
वीज गेली.

पाळणा झुलला. मग झुलायचाही थांबला.
तारेवरची कसरत म्हणतात ती आम्ही
बसल्या जागी केली, पाऊण तास.
त्सिसाना फरशीवर, गुडघ्यांत डोकं,
तिच्या पांढऱ्या मोज्यांवर आमच्या बुटांची काजळी.
‘बोल काहीतरी,’ ती म्हणाली.
‘आधी माझं नाव घे.’
‘काज...’
‘ते नाही.’

खाली बर्फ पडत होता. म्हणजे आमच्या खाली.
बर्फ वरून पाहायची सवय असते आम्हाला, तिला नव्हती.
‘मझेविनार,’ ती म्हणाली. पुन्हा म्हणाली.
घशात अडकलेलं काटं काढावं तसं.
आणि स्वतःचा कातडी हातमोजा उतरवला.
आत माझा होता. राखाडी. अंगठ्याशी आईची चुकलेली वीण.
मी माझा उघडा हात पुढे केला.
तिने हातमोजा दिला नाही, हात दिला.
वीज आली तेव्हा आम्ही दोघी
एकदमच दचकलो.

शुक्रवारी वर्गात, मैत्रिणींच्या गराड्यात,
ती म्हणाली : आली बघा काजळी.

त्या दिवसापासून मी पायऱ्यांनी गेले-आले.
सातशे बारा. मोजल्यात.
खिशाला टाचणी लावली.
रात्री रडू यायचं ते तिच्या बोलण्याचं नव्हतं,
मी वाट पाहत होते त्याचं होतं.

नवव्या दिवशी, पावाच्या रांगेत,
पहाटे सहाला, अंधारात,
कोणीतरी पायऱ्या चढून धापा टाकत आलं.
टोपी नाही, पाळणा नाही, वडिलांची गाडी नाही.
सगळी वस्ती उभी होती कुपनं धरून :
बाबांचे सोबती, लामारामावशी, माझी आई.
‘मझेविनार,’ ती म्हणाली, मोठ्याने,
त्याच खणखणीत आवाजात.
पुढचं तिला सुचेना.

आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
तिच्या डाव्या हाताशी नजर जरा थांबली.
वीण ओळखते माझी आई, अंधारातही.
मग म्हणाली, ‘पोरी, रांगेचं शेपूट तिकडे आहे.’

आणि डायरेक्टरची मुलगी शेपटाला जाऊन उभी राहिली.
तिच्याकडे कुपनही नव्हतं.

माझा पाव आला. गरम होता, कोटाच्या आत धरला.
रांगेच्या कडेकडेने घराकडे निघाले,
तिच्यापाशी थांबले नाही.

पण सावकाश चालले.